सहा पानांखालचा शब्द

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर लोक आधी नवरा-नवरी बघतात. जरा मुरलेले असतील ते पंगत कुठे बसणार हे बघतात. मी ई शोधतो. इंग्रजी ई. कमानीवर, पडद्यावर, थर्मोकोलच्या बदामावर, कुठेही. सापडला आणि त्याचं तोंड उजवीकडे असलं की माझा जीव भांड्यात पडतो. मग मी निवांत बसतो आणि अक्षता नेमक्या कुणाच्या लग्नाच्या टाकायच्या आहेत ते शेजाऱ्याला विचारून घेतो.

यंदा फाल्गुनात नारायणगावला असाच एका कार्यालयात बसलो होतो. बाहेर ऊन चांगलं तापलेलं. गव्हाच्या मळणीचा भुसा वाऱ्यावर उडून थेट मांडवात येत होता आणि अत्तर शिंपडणाऱ्या मुलीच्या केसांत बसत होता. शेजारच्या माणसाने सहज विचारलं, "काका, मुलीकडचे का मुलाकडचे?"

प्रश्न साधा आहे. पण फाल्गुनात मला कुणी तो विचारला की माझ्या डोक्याचा गुंता होतो. मी म्हणालो, "ते अजून ठरायचंय."

त्याने खुर्ची थोडी लांब सरकवली. त्याचं चुकलं नाही. त्याला तो अभ्रा कुठे ठाऊक होता?

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. इंग्रज गेले होते आणि इंग्रजी लग्नातल्या उशांवर येऊन बसली होती. शाळेत इंग्रजी आठवीपासून. आमच्या बोरी बुद्रुकमध्ये मुळात शाळाच सातवीपर्यंत, तीही उशिरा आलेली. तरी इंग्रजीवाचून कुणा मुलीचं रुखवत मांडलं जात नव्हतं. लाडवांचे मनोरे, रंगीत पापड, मण्यांचे पोपट, आणि मधोमध पांढऱ्याशुभ्र अभ्र्यावर लाल रेशमाने भरलेलं 'स्वीट ड्रीम्स'. दारावरच्या तोरणात 'वेलकम'. ते वाचायला येत होतं कुणाला? कुणालाच नाही. पण ते वाचायचं नव्हतंच, ते असायचं होतं. दारातली तुळस काय कुणी वाचतं?

ही सगळी इंग्रजी एका माणसाच्या डब्यातून निघायची. जुन्नरच्या पेठेत कासमचाचा नक्षी छापायचे. त्यांच्या घराण्यात पूर्वी हाताने कागद बनत असे. तो धंदा बसला, तेव्हा चाचांच्या वडिलांनी कुठूनसे लाकडी ठसे आणले. वेली, मोर, कोयऱ्या आणि एका वेगळ्या पत्र्याच्या डब्यात इंग्रजी अक्षरं. निळीत रॉकेल कालवायचं, ठसा त्यात टेकवायचा, कापडावर ठेवून मुठीने ठोकायचा. त्या निळ्या रेघेवर मुलीने घरी बसून रेशमाचा टाका घालायचा. दोन धुण्यांत नीळ जायची, रेशीम राहायचं. तो निळी-रॉकेलचा वास मला आजही कुठे आला की वाटतं, जवळपास कुणाचं तरी लग्न ठरलंय.

चाचांना इंग्रजी येत नव्हती आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. अक्षरांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. ई म्हणजे फणी. एक्स म्हणजे कैची. झेड म्हणजे कोयता. क्यू म्हणजे शेपटीवाला लाडू. मुली गावाकडून मागणी करायच्या तीही याच भाषेत, "चाचा, दोन फण्यांचं वेलकम मारून द्या." आणि इथेच सगळं बिघडलं. कारण 'वेलकम'मध्ये फण्या दोन, 'स्वीट ड्रीम्स'मध्ये तीन, आणि जुन्नर-आंबेगावच्या यच्चयावत लग्नांना मिळून फणी एकच. ठोकून ठोकून ती झिजत गेली. त्या वर्षी माघात एका अभ्र्यावर ठोकताना तिचे दात गळून पडले.

मी तेव्हा तिथे होतो. मी वारूळवाडीला खोली घेऊन नारायणगावच्या हायस्कुलात शिकत होतो, म्हणजे मॅट्रिकला इंग्रजी विषयात बसत होतो आणि उठत होतो. सुटी मिळाली की मोटारीने जुन्नर गाठून चाचांच्या ओट्यावर.

"फणी खलास झाली, बेटा," चाचा म्हणाले. "आता वेलकम बंद."

मी म्हणालो, "चाचा, त्यात काय? मी कोरून देतो."

आणि दिलाही. शिसवीच्या तुकड्यावर, पुस्तकात दिसतो तसा हुबेहूब ई. ठसा उलटा कोरायचा असतो एवढी गोष्ट सोडली तर कुठेही खोट काढायला जागा नव्हती. चाचा गावाला गेले असताना त्यांच्या पोराने तो वारूळवाडीच्या एका तोरणावर ठोकला. दोन्ही ई पाठ फिरवून बसले. चाचांनी परत आल्यावर ते तोरण उलटसुलट धरून बघितलं. मग म्हणाले, "मधू बेटा, हे पाहुण्यांना या म्हणतंय का जा?"

वरपक्षाने मात्र ती पुण्याची नवी फॅशन म्हणून वाखाणली. चाचांनी मला पुन्हा फणी कोरू दिली नाही, आणि तेव्हापासून मी ईचं तोंड बघत असतो.

ओचं काही अडत नव्हतं. बांगडी निळीत बुडवून टेकवली की ओ. ईला मात्र बांगडीसारखी सोय नव्हती. ए, एस, टी हे नेहमीचे गडी झिजले होते तरी उमटत होते. आणि डब्याच्या तळाशी क्यू, एक्स, झेड आणल्या दिवसासारखे कोरे करकरीत पडलेले. चाचांचा जीव त्यांच्यासाठी तुटायचा. "हे बघ, कसले धारदार. वापरच नाय यांचा. तू विंग्रजी शिकतोस ना? ह्यांच्यावर काहीतरी काढ की."

तिथून तो खेळ सुरू झाला. डोळे मिटून डब्यात हात घालायचा, तीन ठसे काढायचे, आणि ती तिन्ही अक्षरं पोटात असलेला, पण ई नसलेला शब्द सांगायचा. सांगेल त्याला चहा, अडेल त्याने पाजायचा. मोटारीची वाट बघणारे, बाजारला आलेले, कोण कोण ओट्यावर टेकायचे. क्यू, टी, एस निघाले की सगळे आढ्याकडे बघत बसायचे, जणू शब्द कोळ्यासारखा वरून सुतावरनं खाली उतरणार आहे.

मी सहसा हरत नसे, आणि याचं कारण माझी विद्वत्ता नव्हे. आठवडे बाजारात एक फुटाणेवाला पुड्यांसाठी एक जाडजूड पुस्तक फाडत होता. हात लावून बघितलं तर इंग्रजी शब्दकोश. मी उरलेला मागून घेतला. तो क्यूपासून पुढचा होता. पीपर्यंतची इंग्रजी जुन्नरकरांनी फुटाण्यांबरोबर संपवली होती. तेव्हा आरंभीच्या अक्षरांत मी ठार अडाणी आणि शेवटच्या अक्षरांत मोठा पंडित, अशी माझी घडण झाली. कोश इंग्रजीतून इंग्रजी होता. शब्दापुढे अर्थ असायचा, पण तोही इंग्रजीच. एक शब्द कळायला दहा न कळणारे शब्द वाचायचे, हा व्यवहार मला परवडेना. मी अर्थाचा नाद सोडला. शब्द दिसायला बरा असला, ई नसला आणि चाचांच्या डब्यात मावला, की झालं.

अशा रीतीने त्या लग्नसराईत मी दोन तालुक्यांच्या उशा सजवल्या. एका मुलीला 'टोड' दिला. आटोपशीर शब्द, मध्ये बांगडीचा ओ. तिने त्याभोवती गुलाब भरले. तो म्हणजे बेडूक, हे मला पुढे कळलं. मंचरच्या एका कंपाउंडरशी लग्न ठरलेल्या मुलीला मी खास शेपटीवाला लाडू घालून 'क्वॅक' दिला. त्याचा अर्थ भोंदू वैद्य. हेही पुढे कळलं. तिच्या नवऱ्याला लगेच कळलं असावं, कारण त्याला बाटल्यांवरचं इंग्रजी वाचता येत होतं.

आता वाटतं, अर्थ न कळता एवढ्या आत्मविश्वासाने मी आयुष्यात पुन्हा कधी बोललो नाही.

याच सुमारास लग्नांत एक टूम निघाली. रुखवतातला इंग्रजी शब्द विड्याच्या पानांनी झाकायचा, एका अक्षरावर एक पान. वरपक्षाने त्यातली दोनच पानं उचलायची आणि शब्द ओळखायचा. ओळखला तर त्यांचं म्हणणं चालायचं, नाही ओळखला तर मुलीकडच्यांचं. म्हणणं म्हणजे काय, तर नवऱ्याच्या मित्रांनी पंगतीत वाढायचं, चुलत्याने नाव घ्यायचं, असलंच काहीतरी. हशा व्हायचा, पानं शेवटी कुणीतरी खाऊन टाकायचं. त्या दोन पानांवर कुणी काही गंभीर लावलं नव्हतं. लावलं ते आमच्या कमळीने.

कमळी माझी चुलत बहीण. तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची मुलगी. गावात शाळा उशिरा आली म्हणून अठराव्या वर्षी सातवीत बसलेली, वर्गात सगळ्यांत उंच. सातवीची फायनल झाली की मास्तरीण होता येतं, हे तिला कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून ती पाटीवरच नाही तर जात्यावरही गणितं करत होती. परीक्षा चैत्रात नारायणगावला. आणि लग्न ठरलं फाल्गुनात, आंबेगावातल्या अवसरी बुद्रुकच्या शिवरामशी. मुलगा चांगला, घर चांगलं. अडलं एवढंच, की याद्या करताना तात्यांनी परीक्षेसाठी मुलीला महिनाभर माघारी आणायचं काढलं, तर नवऱ्याचे चुलते बाबूराव म्हणाले, "पयल्या म्हयन्यातच सून माघारी? लोकं काय म्हनतील आमाला? जमायचं न्हाई." तात्यांनी विषय सोडून दिला. सुपारी फुटली.

मी गावी गेलो तेव्हा कमळी अंगणात गहू निवडत होती. ऊन तिच्या सुपात पडलं होतं. ती वर न बघता म्हणाली, "दादा, मला शबूद पायजे."

"देतो की. क्यूचा देऊ का एक्सचा?"

"आवसरीच्या कुणाच्या बापाला न्हाई यायचा, असला."

"का गं?"

"पानं झाकणार हाय मी. न्हाई वळखला त्यांनी, तर म्हननार, मला परिक्षेला माघारी धाडा. मांडवात समद्यांच्या म्होरं म्हननार. मग कसं न्हाई म्हनतील?"

मी सूप बघत राहिलो. आमच्या घराण्यात एवढा सरळ विचार यापूर्वी कुणी केल्याचं मला आठवत नाही.

"पण अर्थ चांगला पाहिजे ना, लग्नातला शब्द म्हणजे..."

"तुला येतो व्हय अर्थ?" तिने खडा उचलून बाजूला फेकला. "नुसता अवघड दे."

कोशाच्या अगदी शेवटाला, जवळजवळ पुठ्ठ्याला टेकून, तो बसला होता. झिगझॅग. झेड, आय, जी, झेड, ए, जी. ई नाही. कोयते दोन. चाचांनी तो छापला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "बघ, एकदम दोन कोयते. कसे उठलेत." कमळीने तो हिरव्या रेशमाने भरला. भरता भरता एकेक अक्षर मला विचारून घेतलं आणि पाठ केलं. शब्द तिला, मला आणि चाचांना सोडून कुणाला ठाऊक नव्हता. चाचांनाही तो शब्द म्हणून नव्हे, कोयते म्हणूनच ठाऊक होता.

लग्नाच्या दिवशी कुकडी नदीवरून गार वारा येत होता आणि मांडवावरच्या आंब्याच्या डहाळ्या सळसळत होत्या. दुपारी अक्षता पडल्या. पंगतीआधी रुखवत. मधोमध तो अभ्रा, त्यावर सहा पानं. आमच्या आत्याने अट सांगितली, आणि मग कमळीचं म्हणणं सांगितलं. बाबूराव हसले, पण ते हसणं मिशीच्या आतच राहिलं.

"ठरलं," ते म्हणाले. "पर आमचा विंग्रजीवाला कुठंय?"

त्यांचा विंग्रजीवाला म्हणजे मंचरचा तो कंपाउंडर. तो मोटार चुकला, असं सांगण्यात आलं. बोरीचा मधू तिथे असणार हे कळल्यावर चुकला, असा माझा आपला संशय आहे.

बाबूराव म्हणाले, "आता कसं? आमाकडं तर कुनीच न्हाई."

आणि इथे आमच्या तात्यांच्या अंगात यजमानपण संचारलं. सकाळपासून ते पाहुण्यांना काय पाहिजे ते पुरवत होते. वऱ्हाडाच्या गाडीच्या जुवातली शिवळ मोडली तेव्हा शिवळ दिली. त्यांचा न्हावी आला नाही तेव्हा न्हावी दिला. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "पावणं, तुमाला कमी पडंल ते द्यायचं काम आमचं. विंग्रजीवाला पायजे? ह्यो घ्या. जुन्नर तालुक्यात ह्याच्यासारका दुसरा न्हाई." आणि त्यांनी मला दंडाला धरून सतरंजीच्या या टोकावरून त्या टोकाला नेऊन बसवलं.

"तात्या, मी..."

"बस. पावण्यांची बाजू नीट राख."

अवसरीकरांनी माझ्या डोक्यावर एक फेटा ठेवला, कपाळाला कुंकू लावलं. बाबूराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "आता तुमी आमचं." बायकांच्या घोळक्यातून कमळी बघत होती. मुंडावळ्यांमागून एवढा धारदार बघणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, काळजी करू नको, चुकीचंच सांगतो. चुकीचं सांगण्यात माझा हात धरणारा कोण होता?

बाबूरावांनी पहिलं पान उचललं. झेड.

दुसरं कुठलं उचलायचं यावर वऱ्हाडात बराच खल झाला. एक जण म्हणाला शेवटचं उचला, दुसरा म्हणाला मधलं. बाबूरावांनी चौथं उचललं. पुन्हा झेड.

"दोनी सारकीच की," कुणीतरी म्हणालं. "फशीवलं राव."

"हां, पावणं," बाबूराव माझ्याकडे वळले. "वळखा."

आता मला फक्त एक चुकीचा शब्द पाहिजे होता. क्यूपासून पुढचे हजारो शब्द माझ्याकडे. पण जो सांगायचा नाही तोच तेवढा डोक्यात नाचत होता, बाकी सगळा कोश फुटाण्यांबरोबर गेल्यासारखा. ओठांवर झि येत होतं, मी गिळत होतो. शेवटी डोळे मिटून म्हणालो, "टोड."

मग बाबूरावांनी तात्यांना विचारलं, "बरोबर का?"

तात्या म्हणाले, "मला काय ठावं? विंग्रजीतलं हाय. मधूला इचारा."

बाबूराव माझ्याकडे वळले. "पावणं, तुमचं बरोबर हाय का?"

"चूक आहे," मी म्हणालो.

"मंग बरोबर काय?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी तुमच्या बाजूचा."

"बरोबर ठावं न्हाई, तर चूक कसं कळलं?"

हा प्रश्न मला पुढे कुठल्याही परीक्षेत विचारला गेला नाही हे माझं नशीब. मी काहीतरी पुटपुटत होतो, तेवढ्यात मागच्या बाजूने कासमचाचांचा आवाज आला. त्यांना जुन्नरहून मानाने बोलावलं होतं, आणि मला अडलेलं बघून ते मनापासून मदतीला धावले. "अरे बेटा, इसर पडला काय? तूच तर काढलास. माझ्याच ओट्यावर. दोन कोयतेवाला."

त्यानंतर मांडवात एकाच वेळी सगळे बोलले. "घरचाच चोर," असं एक जण म्हणाला. "बैल म्हनून दिला आन् लंगडा निघाला," असं दुसरा. आमच्याकडचे म्हणाले, तुम्ही मागितला, आम्ही दिला. तात्या उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. एरवी गडगडाटी बोलणारा माणूस अगदी हळू म्हणाला, "मधू. त्यांच्या सतरंजीवर बसलायस. त्यांचा फेटा घातलायस. खरा शबूद सांग."

इकडे तात्यांचा मान, तिकडे कमळीची परीक्षा, आणि मधे माझं तोंड. मी कुणाकडचा, हेच मला समजत नव्हतं. आजही ती जागा आठवली की डोक्यावर फेटा असल्यासारखं जड वाटतं.

"गप ऱ्हावा समदी."

नवऱ्याची आई उठली होती. धिप्पाड बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दाताला मिशरी. बाबूराव काही बोलणार होते, पण भावजयीचा अवतार बघून त्यांनी तोंडात सुपारी टाकली. विहीणबाई सरळ कमळीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"शबूद कुनाचा?"

"माझा," कमळी म्हणाली.

"तुला येतो?"

"येतो."

"मंग त्या येड्याला कशाला ताण देता? तू सांग."

कमळी घुटमळली. सांगावं तर शब्द फुटतो. न सांगावं तर पहिल्याच दिवशी सासूचा शब्द मोडतो, आणि शिवाय येत नाही असं होतं. मला वाटतं, 'येत नाही' हे तिला सोसलं नसतं. ती पुढे आली. एकेक पान उचलत गेली आणि एकेक अक्षर म्हणत गेली. झेड. आय. जी. झेड. ए. जी. आवाज पहिल्यांदा बारीक होता, शेवटच्या पानापर्यंत वर्गात म्हणावा तसा खणखणीत झाला. "झिगझॅग."

विहीणबाई वळल्या. "आयकलं? वळखला आमी."

आमची आत्या म्हणाली, "अवं विहीणबाई, तुमी कुठं? आमच्या पोरीनं वळखला."

"तुमची कवाची? दुपारी अक्षता टाकल्या न्हवं? आता ती आवसरीची. आमच्या मानसानं वळखला, आमी जितलो. आता आमचं म्हननं चालंल."

आत्या मागे सरली. कमळी पान हातात धरून उभी. ती स्वतःच बोलून स्वतःच हरली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना मला दिसत होतं.

"सून माघारी धाडायची न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "म्हायेरात बसून परिक्षा दिली तर लोकं म्हनतील, सासरच्यांनी शिकू दिलं न्हाई. परिक्षा द्यायची ती आमच्या घरनं. मी जातीनं न्हेनार आन् आननार." मग माझ्याकडे बोट केलं. "आन् ए विंग्रजी. अर्थ काय ह्याचा?"

सगळा मांडव माझ्याकडे वळला. वधूपक्ष, वरपक्ष, चाचा, न्हावी. हा प्रश्न मला त्या अख्ख्या लग्नसराईत कुणी विचारला नव्हता.

"सुखाचा संसार," मी म्हणालो.

त्यावर दोन्हीकडच्या लोकांचं प्रथमच एकमत झालं.

चैत्रात फायनल सुरू झाली तेव्हा मी पाण्याची चरवी घेऊन केंद्रावर गेलो. बाहेर चिंचेखाली विहीणबाई मांडी घालून बसल्या होत्या, पानाची चंची उघडून. अवसरीहून मोटारीने रोज घेऊन यायच्या, रोज घेऊन जायच्या. परीक्षेला आलेल्या पोरांच्या आयाबापांना त्यांनी भोवती जमवलं होतं. कमळीला दौत-टाक न्यायला पिशवी नव्हती म्हणून तो अभ्राच दिला होता. ती बाहेर आली तेव्हा त्याच्या हिरव्या झेडवर शाईचा हा एवढा डाग. "काय लिवलंय वो त्याच्यावर?" एका बाईने विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, "सुखाचा संसार लिवलंय. विंग्रजीत." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यो आमच्याच बाजूचा हाय."

कमळी पास झाली. मी त्या वर्षीही नापास होऊन उठलो. ती अवसरीच्या शाळेत मास्तरीण झाली आणि पुढे कधीतरी पुतण्याच्या आठवीच्या पुस्तकावरून इंग्रजीही शिकली. एकदा दिवाळीला माहेरी आली असताना मला म्हणाली, "दादा, तो आपला शब्द मला धड्यात सापडला." तोवर ती शब्दला शबूद म्हणेनाशी झाली होती.

मी हातातला लाडू खाली ठेवला. "काय निघाला अर्थ?"

"नागमोडी. एकदा इकडं, एकदा तिकडं. घाटातल्या रस्त्यासारखं."

मला उशांवरचे सगळे बेडूक, भोंदू वैद्य आणि मांडवातला तो 'सुखाचा संसार' एकदम आठवले. दबकत विचारलं, "सासूबाईंना सांगितलंस?"

"सांगितलं की."

"मग? काय म्हणाल्या?"

कमळी लाडवाचं ताट माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "म्हणाल्या, मंग मधूनं मांडवात दुसरं काय सांगितलं व्हतं?"